सुबियाकोचा लॅक्टान्टियस, १४६५: जुनं छापील पुस्तक पडद्यावर कसं तपासावं

युरोपातल्या मोठ्या ग्रंथालयांनी पंधराव्या शतकातली आपली बरीच पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली आहेत. बघायला पैसे पडत नाहीत. तरी नवखा वाचक तिथे फार टिकत नाही. दहा-बारा पानं पुढे सरकवतो, एखादं सोनेरी आद्याक्षर मोठं करून बघतो, मजकूर लॅटिन आहे हे लक्षात आलं की टॅब बंद करतो. कुठून सुरुवात करायची आणि नेमकं काय शोधायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. या लेखात ही अडचण एका पुस्तकापुरती सोडवू.

पुस्तक आहे लॅक्टान्टियस या आरंभकाळातल्या ख्रिस्ती लेखकाचं, रोमच्या पूर्वेला सुबियाको इथल्या मठात १४६५ साली छापलेलं. इटलीत छापलेलं आणि तारीख असलेलं याहून जुनं पुस्तक आज उपलब्ध नाही. लॅटिन येत नसेल तरी बिघडत नाही. रोमन लिपी वाचता आली आणि थोडा चिवटपणा असला की पुरे.

पायऱ्या सुरू करण्याआधी एक फरक डोक्यात पक्का बसवून घ्या: आवृत्ती वेगळी आणि प्रत वेगळी. छापखान्यातून बाहेर पडताना सगळ्या प्रतींत जे सारखं होतं, ते आवृत्तीचं. आज स्कॅन होऊन तुमच्यासमोर आहे ती प्रत, आणि साडेपाचशे वर्षांत ज्याच्या ज्याच्या हातात ती गेली त्यानं तिच्यावर काहीतरी केलेलं आहे. रंगवलेलं अक्षर, समासातली टीप, शिक्का, फाटलेलं पान हे सगळं प्रतीचं. पुढची प्रत्येक गोष्ट बघताना ती कोणत्या खात्यात जमा करायची, एवढंच स्वतःला विचारत राहा.

पहिली पायरी: लेखक कोण ते थोडक्यात

लॅक्टान्टियस उत्तर आफ्रिकेतला, साधारण इ.स. २५० च्या सुमारास जन्मलेला. वक्तृत्व शिकवणाऱ्या आर्नोबियसचा शिष्य. रोमन सम्राट डायोक्लेशियननं त्याला निकोमीडियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितला, लॅटिन वक्तृत्व शिकवायला बोलावलं. ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला आणि त्याची जागा गेली. म्हातारपणी सम्राट कॉन्स्टन्टाइननं त्याला आपला मुलगा क्रिस्पस याचा शिक्षक नेमलं.

याचं लॅटिन फार देखणं, थेट सिसेरो या जुन्या रोमन वक्त्याच्या वळणाचं. म्हणून तर पंधराव्या शतकातल्या विद्वानांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि 'ख्रिस्ती सिसेरो' म्हटलं. धर्मशास्त्रात मात्र तो कच्चा समजला जाई. संत जेरोमनं त्याच्याबद्दल म्हटलं आहे की, दुसऱ्यांचं मत त्यानं जितक्या सहज मोडलं, तितक्या सहज आपलं मत मांडता आलं असतं तर बरं झालं असतं. हा शेरा लक्षात ठेवा, चौथ्या पायरीला त्याचं काम आहे.

दुसरी पायरी: नोंद गाठा

थेट गूगलवर शोधलंत तर लिलावाच्या जाहिराती आणि नंतरच्या आवृत्त्या यांची खिचडी हाती येईल. त्याऐवजी आय.एस.टी.सी. या सूचीत जा. १५०१ पूर्वी खिळ्यांनी, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांनी, छापलेल्या पुस्तकांची ही आंतरराष्ट्रीय सूची आहे. (आपल्याकडे १८६७ पूर्वीच्या मराठी पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात. युरोपात ती रेघ १५०० सालच्या शेवटी मारलेली आहे.) शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत लॅक्टान्टियस हे नाव आणि १४६५ हे साल घाला. आपल्या पुस्तकाचा क्रमांक आय-एल-००००१००० असा आहे. नोंदीत मुद्रकांची नावं, गाव, तारीख, कोणत्या देशात कोणाकडे प्रती आहेत त्याची यादी आणि स्कॅन केलेल्या प्रतींचे दुवे मिळतात. दोन वेगवेगळ्या ग्रंथालयांचे दुवे उघडून ठेवा. एकाच प्रतीवरून आवृत्ती आणि प्रत वेगळी काढता येत नाही, शेजारी दुसरी असली की फरक आपोआप डोळ्यांत भरतो.

इथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे, याच मुद्रकांनी हेच पुस्तक पुढे रोममध्ये १४६८ आणि १४७० साली पुन्हा छापलं. चुकून ती उघडलीत तर पुढचं काहीच जुळणार नाही. दुसरा सापळा 'ओपेरा' या शीर्षकाचा. त्यावरून समग्र ग्रंथ वाटतात, पण इथे आहेत ते त्याचे तीन प्रमुख ग्रंथ: दैवी शिकवणीवरची सात पुस्तकं, देवाच्या कोपावरचा ग्रंथ आणि मानवी देहाच्या रचनेवरचा ग्रंथ. आज इतिहासकार ज्याच्यासाठी लॅक्टान्टियस उघडतात, तो छळ करणाऱ्या सम्राटांच्या मृत्यूंवरचा ग्रंथ १४६५ साली कोणाला ठाऊकच नव्हता. त्याचं हस्तलिखित सतराव्या शतकात सापडलं आणि १६७९ साली छापून आलं. तेव्हा तो शोधत बसू नका.

तिसरी पायरी: शेवटापासून सुरू करा

या पुस्तकाला शीर्षकपान नाही. त्या काळी ती पद्धतच पडलेली नव्हती. कुठे आणि कधी छापलं ही माहिती असते मजकुराच्या शेवटी, पुष्पिकेत. स्कॅन शेवटाकडे न्या आणि मजकूर संपतो तिथल्या चार-पाच ओळी मोठ्या करा. त्यांचा अर्थ असा: प्रभूच्या १४६५ व्या वर्षी, पोप दुसरे पॉल यांच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, इंडिक्शन तेरावं, ऑक्टोबर महिन्याचा अंत्यापासून तिसरा दिवस, सुबियाकोच्या पूज्य मठात.

एकच तारीख चार प्रकारांनी दिली आहे आणि चारही ताडून बघता येतात. इथे वेळ घालवा.

साल रोमन आकड्यांत आहे: एम.सीसीसीसी.एलएक्सव्ही. चारशेसाठी चार सी सलग लिहिले आहेत, आपण शाळेत शिकलो तसं सीडी नाही. घाबरू नका, जुन्या छापील पुस्तकांत हे नेहमीचं आहे. दिवस आहे 'आन्तेपेनुल्तिमा', शेवटून तिसरा. ऑक्टोबरचे दिवस ३१, म्हणून ३१, ३०, २९. तारीख २९ ऑक्टोबर. मग पोप. दुसरे पॉल ३० ऑगस्ट १४६४ ला निवडून आले, त्यामुळे ऑक्टोबर १४६५ हा त्यांच्या दुसऱ्या वर्षात बरोबर बसतो. राहिलं इंडिक्शन. हे पंधरा वर्षांचं चक्र. आपल्या पोथ्यांत शकाबरोबर संवत्सराचं नाव देतात, तसंच काहीसं. इसवी सनात ३ मिळवा, १५ नं भागा, बाकी बघा. १४६५ अधिक ३ म्हणजे १४६८. पंधरानं भागल्यावर बाकी १३. जुळलं. (इंडिक्शन सप्टेंबरपासून मोजायचीही एक पद्धत होती, तिच्यात ते चौदावं आलं असतं. म्हणजे इथे वर्षारंभापासून मोजलेलं आहे.)

पुष्पिकेत एक गोष्ट नाही: मुद्रकाचं नाव. सुबियाकोच्या पुस्तकांत ते छापलेलंच नाही. मग आपण कोनराड स्वाइनहाइम आणि आर्नोल्ड पान्नार्ट्झ ही दोन जर्मन नावं छातीठोकपणे घेतो ती कशावरून? हे दोघं १४६७ साली रोमला गेले, मासिमो घराण्याच्या घरात छापखाना थाटला आणि तिथल्या पुस्तकांत पद्यातून आपली नावं द्यायला लागले. १४६८ च्या लॅक्टान्टियसमध्येही ती आहेत. म्हणजे दुसऱ्या पायरीतला सापळा ओळखायची खूणही हीच: शेवटी दोघांची नावं दिसली तर तुम्ही चुकीच्या आवृत्तीत आहात.

सर्वांत भक्कम पुरावा १४७२ चा आहे. तोवर धंदा बसला होता. त्यांच्या वतीनं बिशप जोव्हान्नी आंद्रेआ बुस्सी यानं पोप चौथे सिक्स्टस यांना मदतीसाठी अर्ज लिहिला आणि तो त्यांच्याच एका पुस्तकात छापला. घर मोठं आहे, पण छापील फर्म्यांनी, म्हणजे न बांधलेल्या छापील कागदांनी, भरलेलं आहे आणि गरजेच्या वस्तू काही नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. सोबत आजवर काय काय छापलं आणि किती प्रती काढल्या याची यादी जोडली. लॅक्टान्टियस तीनदा मिळून ८२५, म्हणजे एका खेपेला २७५. पंधराव्या शतकातल्या मुद्रकांनी स्वतः दिलेले असे आकडे क्वचित मिळतात. न विकलेल्या मालाच्या रडगाण्यानं मुद्रणाच्या इतिहासकारांची केवढी सोय झाली!

चौथी पायरी: पुढचा भाग, आणि ते अजब शुद्धिपत्र

आता सुरुवातीला या. मुख्य मजकुराआधी प्रकरणांच्या शीर्षकांची लांबलचक यादी आहे, आजच्या अनुक्रमणिकेसारखी, फक्त पृष्ठांक नसलेली. पृष्ठांक द्यायचे तरी कसे? पानांवर आकडे छापलेलेच नाहीत. एखाद्या स्कॅनमध्ये कोपऱ्यात आकडे दिसले तर ते नंतर कोणीतरी हातानं घातलेले. प्रतीच्या खात्यात टाका.

मुख्य मजकुराबाहेरच आणखी एक भाग आहे. त्याच्या मथळ्यात 'एर्राता' हा शब्द दिसेल. छपाईच्या चुकांची यादी असणार, असं कोणालाही वाटेल. पण या चुका खिळे जुळवणाऱ्याच्या नाहीत, लेखकाच्या आहेत. अँटोनिओ दा रो नावाच्या फ्रान्सिस्कन पंडितानं लॅक्टान्टियस धर्मशास्त्रात कुठे कुठे घसरला ते टिपून ठेवलं होतं, आणि ती यादी ग्रंथाला जोडून छापली. मठात छापलेलं पुस्तक, विषय धर्माचा, आणि लेखकाची भाषा उत्तम असली तरी मतं सांभाळून घ्या असा इशारा सोबत. जेरोमचा शेरा आठवा. मला तरी या पुस्तकातला सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. स्कॅनमध्ये तो लगेच सापडला नाही तर दोन्ही टोकं बघा. जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा बांधली जातात आणि बांधणाऱ्यानं असे सुटे भाग कुठे लावावेत याला नियम नाही.

यानंतर पहिल्या पुस्तकाचा आरंभ शोधा. पहिले शब्द आहेत 'माग्नो एत एक्सेल्लेन्ती इंगेनिओ', थोर आणि असामान्य बुद्धीच्या माणसांनी अशा अर्थाचे. म्हणजे तुम्हाला मोठा एम शोधायचा आहे. मुद्रकांनी त्याच्यासाठी कोरी चौकट सोडली होती. अक्षर नंतर चितारी हातानं काढायचा, किंवा काढायचाच नाही. दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून बघा. इटलीत रंगवलेल्या प्रतीत बहुधा पांढऱ्या वेलींची नक्षी असते: वेल कागदाच्या मूळ रंगात सोडलेली, मधल्या फटींत निळा, हिरवा, लाल. दुसऱ्या प्रतीत कदाचित साधं लाल किंवा निळं अक्षर सापडेल, किंवा नुसतीच मोकळी जागा.

पाचवी पायरी: खिळे आणि संक्षेप

मुद्रक जर्मन होते, पण त्यांनी मायदेशातलं टोकदार गॉथिक वळण इथे वापरलं नाही. इटालियन विद्वान हातानं लिहीत त्या गोलसर अक्षराच्या जवळ जाणारे खिळे पाडले. पूर्ण रोमन म्हणवत नाही, गॉथिकचा दाटपणा थोडा उरलेला आहे. आजच्या रोमन टाइपची ही सुरुवातीची पायरी, आणि आपण जे पुस्तक बघतो आहोत त्यातच ती दिसते.

खिळे मोजायची एक जुनी रीत आहे: वीस ओळींची उंची मिलिमीटरमध्ये. स्कॅनच्या कडेला बऱ्याचदा मोजपट्टी ठेवलेली असते. तिच्याशी ताडून वीस ओळी मोजा, १२० मिलिमीटरच्या आसपास उत्तर यायला हवं. भरलेल्या पानावर ओळी ३६ भरतील. हा आकडा खटकण्याइतका वेगळा आला तर आधी आवृत्ती तपासा, मग मोजपट्टी.

वाचताना एस अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये एफसारखं लांब दिसेल, आडवी रेघ मात्र आरपार जात नाही. यू आणि व्ही वेगळे नाहीत. स्वरावर आडवी रेघ असेल तर पुढचा एम किंवा एन गाळला आहे. पी अक्षराच्या पायात आडवी काट म्हणजे 'पेर'. क्यूला शेपटी किंवा अर्धविरामासारखी खूण जोडलेली असेल तर 'क्वे'. एवढ्यावर पुष्कळ ओळी सुटतात. अडलात तर काप्पेल्ली यांचा लॅटिन संक्षेपांचा कोश इंटरनेटवर आहे.

सहावी पायरी: ग्रीकच्या मोकळ्या जागा

इथे छापखान्यात चाललेलं काम दिसतं. लॅक्टान्टियस मधूनमधून ग्रीक वचनं देतो. पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात ती जिथे यायला हवीत तिथे ओळीत पांढरी जागा सोडली आहे, कारण ग्रीक खिळे तयार नव्हते. वाचकानं किंवा लेखनिकानं ती हातानं भरावी अशी अपेक्षा होती. काही पानांनंतर जागा बंद होतात आणि छापील ग्रीक सुरू होतं. म्हणजे एकीकडे छपाई चालू असताना दुसरीकडे ग्रीक खिळे पाडणं चाललं होतं. इटलीतलं हे पहिलं ग्रीक मुद्रण.

पान पान पुढे जात पहिलं छापील ग्रीक कुठे येतं ते स्वतः शोधा आणि नोंदवा. मग मागे येऊन मोकळ्या जागा तपासा. एका प्रतीत त्या नेटक्या हातानं भरलेल्या दिसतील, दुसरीत तशाच कोऱ्या. मोकळी जागा आवृत्तीची, तिच्यातली शाई प्रतीची. हा फरक यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणं कठीण.

सातवी पायरी: समोरची प्रत कोणाची होती

पहिलं आणि शेवटचं कोरं पान, मुखपृष्ठाची आतली बाजू आणि सजवलेल्या पहिल्या पानाची खालची पट्टी या जागा नीट बघा. खालच्या पट्टीत बहुधा पहिल्या मालकाचं कुलचिन्ह असतं, नंतरच्या मालकानं ते खरवडलेलंही असतं. समासात टिपा, ओळीकडे बोट दाखवणारे छोटे हात, मठांचे शिक्के मिळतील. अशा खुणांसाठी एम.ई.आय. नावाची वेगळी माहितीपेढी आहे, तिथे प्रतवार नोंदी सापडतात.

या खुणा गंमत म्हणून बघायच्या नाहीत. सुबियाकोतच छापलेल्या सिसेरोच्या ग्रंथावर तारीख नाही. पण त्याच्या एका प्रतीत वाचकानं हातानं ३० सप्टेंबर १४६५ अशी नोंद केली आहे, म्हणजे ते पुस्तक लॅक्टान्टियसच्या आधी छापून झालेलं होतं. समासातल्या एका ओळीनं आवृत्तीचा क्रम ठरला. म्हणून लॅक्टान्टियसला इटलीतलं 'पहिलं पुस्तक' म्हणू नका. तारीख असलेलं पहिलं म्हणा.

प्रती टिकणं हाही नशिबाचा भाग. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात राशोलला १६१६ साली छापलं, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. त्यातली एकही छापील प्रत आजवर हाती लागलेली नाही, मजकूर आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांमुळे. त्याच्या दीडशे वर्षं आधी निघालेल्या २७५ प्रतींपैकी कितीतरी अजून कपाटांत आहेत.

आठवी पायरी: एक उतारा पकडा

आता थोडं वाचू. दैवी शिकवणीच्या तिसऱ्या पुस्तकात, आजच्या छापील पाठांत चोविसाव्या प्रकरणात, तो पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला माणसं राहतात या कल्पनेची टर उडवतो. ज्यांची पावलं डोक्याच्या वर आहेत अशी माणसं असतील, यावर विश्वास ठेवण्याइतकं मूर्ख कोणी आहे का, असा त्याचा सवाल. तिकडे झाडं खाली वाढतात की काय, पाऊस वर पडतो की काय, असंही विचारतो. कोपर्निकसनं १५४३ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नेमकं हेच काढलं: लॅक्टान्टियस नावाजलेला लेखक, पण गणितात यथातथाच, आणि पृथ्वीच्या आकाराबद्दल पोरकटपणे बोलतो.

शोधायची रीत अशी. इंटरनेटवर आधुनिक लॅटिन पाठ उघडा आणि त्या प्रकरणातला 'आन्तिपोदास' हा शब्द डोळ्यांपुढे ठेवा. स्कॅनमध्ये तिसऱ्या पुस्तकाचा आरंभ गाठा. ते प्रकरण शेवटाकडे आहे, म्हणून चौथ्या पुस्तकाच्या आरंभापासून मागे येणं सोपं पडतं. शब्द पूर्ण लिहिलेला नसेल, एखादं अक्षर रेघेखाली गेलेलं असेल, हे धरून चाला. सापडला की समास बघा. पुढच्या काळातल्या एखाद्या वाचकाला इथे पेन उचलावंसं वाटलं असेल, तर ते तिथे दिसेल.

नोंदी आणि प्रत्यक्ष भेट

टिपण करताना ग्रंथालयाचं नाव, त्यांचा दाखल क्रमांक, पान कितवं आणि त्याची पुढची बाजू की पाठ, एवढं प्रत्येक वेळी लिहा. स्कॅनचा 'इमेज क्रमांक' नुसता लिहून ठेवू नका. संकेतस्थळाची मांडणी बदलली की तो निरुपयोगी होतो.

युरोपात राहत असाल किंवा तिकडे जाणं होणार असेल तर सुबियाको रोमपासून साधारण ७० किलोमीटरवर आहे. पोन्ते माम्मोलो मेट्रो स्थानकाजवळून कोत्राल कंपनीच्या बस सुटतात. गावाबाहेर चढावर सान्ता स्कोलास्तिकाचा मठ लागतो, पुस्तक छापलं गेलं तो हाच, आणि आणखी वर संत बेनेडिक्टची गुहा. मठ बघायला अडचण येत नाही, ग्रंथालयासाठी मात्र आधी लिहून ठेवावं. तोच नियम इतर ग्रंथालयांनाही लागू. पत्रात 'दुर्मिळ पुस्तक बघायचं आहे' असं मोघम न लिहिता, स्कॅनमध्ये काय दिसत नाही तेवढंच विचारा: अमुक पानावरचा वॉटरमार्क, तमुक पानावरची खरवडलेली खूण. एवढ्यासाठी पुष्कळदा जावंही लागत नाही, ग्रंथपालच बघून कळवतात.